गार्ड कोण काढतं?

नव्या ग्राइंडरच्या खोक्यातून चार वस्तू निघतात: मशीन, चकती आवळायचा पाना, बाजूचं हँडल आणि पत्र्याचा अर्धगोल गार्ड. पहिल्या दोन लगेच कामाला लागतात. उरलेल्या दोन खोक्यातच राहतात आणि खोकं जातं पोटमाळ्यावर. कुठल्याही गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहून बघा. चकती उघडी, एक हात मशीनच्या मानेवर, पाइप पायाखाली दाबलेला, आणि डोळ्यांवर काही असलंच तर उन्हाचा गॉगल.

मग एखाद्या दिवशी चकती फुटते किंवा मशीन उसळतं. बोटं जातात, मांडी कापली जाते, डोळा जातो. आजूबाजूचे सगळे एकमुखाने सांगतात, "लक्ष नव्हतं त्याचं." हे निदान फार सोयीचं आहे, कारण ते एकदा केलं की बाकी कुणाला काही करायला नको. मला ते पटत नाही. गार्डचा स्क्रू कारागीर सोडवतो हे खरं, पण तो सोडवावा लागेल अशी व्यवस्था करणारे निराळेच असतात. त्यात दर ठरवणारा ठेकेदार आहे, भलतंच पातं विकणारा दुकानदार आहे, मशीन बनवणारी कंपनी आहे, आणि ज्याच्या घरी काम चाललंय ते तुम्ही-आम्हीही आहोत.

कारागिराला विचारलं, "दादा, गार्ड का नाही लावला?" तर उत्तर तयार असतं. "अहो, गार्ड लावून चकती कोपऱ्यात जातीय का? आणि मारलेली रेघ दिसायला नको?" यात तथ्य आहे. ग्रिलच्या दोन पट्ट्यांच्या बेचक्यातलं वेल्डिंग घासताना गार्ड खरंच अडतो. तो फिरवून घेता येतो; बऱ्याच नव्या मशीनवर नुसता खटका दाबून फिरतो. पण स्वस्तातल्या मशीनवर पट्टीचा स्क्रू ढिला करा, गार्ड फिरवा, पुन्हा आवळा, असं दर कोपऱ्याला करावं लागतं. ग्रिलचा दर ठरतो किलोवर. त्या किलोत स्क्रू फिरवण्याचा वेळ कुणीच धरलेला नसतो. म्हणून गार्ड एकदाच निघतो आणि परत बसत नाही.

दुसरं कारण चकतीचं. चार इंची मशीनच्या चकतीतून मधला नट वजा केला की कापायला जेमतेम इंचभर खोली उरते. दोन इंची चौकोनी पाइप कापायचा तर तो फिरवत चारी बाजूंनी कापावा लागतो. त्यावर तोड म्हणून चार इंची मशीनवर पाच इंची चकती चढवली जाते. वेगाच्या हिशेबात ती बसतेही. चांगल्या रेझिनच्या चकतीच्या कडेची मर्यादा सेकंदाला ८० मीटर असते. त्यानुसार १०० मिलिमीटरच्या चकतीवर मिनिटाला सुमारे १५,३०० फेरे छापलेले असतात, १२५ च्या चकतीवर १२,२५० आणि १८० च्या, म्हणजे सात इंची चकतीवर ८,५००. आपलं चार इंची मशीन ११,००० च्या आसपास फिरतं. पण पाच इंचीचं भोक २२ मिलिमीटरचं आणि चार इंचीची बैठक १६ ची. मधली जागा वॉशर घालून भरायची, चकती केंद्रात बसली तर बसली. आणि गार्ड? तो चार इंचीच्या मापाचा, त्यामुळे तो काढल्याशिवाय ही चकती फिरतच नाही. झिजलेली सात इंची चकती 'अजून चालतेय' म्हणून लहान मशीनला लावणारे तर तिच्यावर छापलेली मर्यादाच ओलांडतात.

या वेगाचा अंदाज डोळ्याला येत नाही, म्हणून सांगतो. मिनिटाला ११,००० म्हणजे सेकंदाला १८० हून जास्त फेरे. चार इंची चकतीची कड तेव्हा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे धावत असते. मशीन उसळल्याचं कळून माणूस हात मागे घेईपर्यंत पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात चकतीचे पंचेचाळीस फेरे झालेले असतात. 'लक्ष देऊन काम कर' हा सल्ला या पाव सेकंदापुढे तोकडा पडतो. त्या क्षणी कामी येतात त्या दोनच गोष्टी: चकती आणि अंग यांच्यामध्ये असलेला पत्रा, आणि मशीन दोन्ही हातांत धरून ठेवणारं हँडल.

आता या सगळ्यातला सर्वांत वाईट प्रकार. मुंबईत नागदेवीला जा किंवा पुण्यात बोहरी आळीत, चार इंची दातेरी लाकूडकापी पातं हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं आणि ते ग्राइंडरला बिनदिक्कत लावलं जातं. वास्तविक ग्राइंडरच्या माहितीपत्रकात दातेरी पातं लावू नका, मशीन वारंवार उसळेल, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कारण साधं आहे. ग्राइंडरची चकती घासत जाते. पात्याचा दात लाकडात रुततो. पात्याला चाळीस दात धरले तर सेकंदाला सात हजारांवर चावे होतात. त्यातला एक गाठीत, खिळ्यात किंवा दबलेल्या फटीत अडकला की पातं थांबतं आणि सगळा जोर मशीनला उलट फेकतो. उलट म्हणजे कारागिराच्या दिशेने.

लाकूड कापण्यासाठी वेगळं मशीन असतं, सर्क्युलर सॉ. त्याचे फेरे मिनिटाला साधारण ५,००० म्हणजे ग्राइंडरच्या निम्मे. खाली सपाट तळ असतो, त्यामुळे पातं तिरकं होत नाही. कापणं संपलं की खालचा गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटतो. बोट उचललं की बटण सुटतं. ग्राइंडरवर यातलं काहीच नसतं. उलट बहुतेक लहान ग्राइंडरचं बटण पुढे सरकवलं की अडकून बसतं. मशीन हातातून सुटलं तरी ते चालूच राहतं आणि फरशीवर नाचत कुणाच्या पायाकडे येतं. दाबून धरावं लागणारं पॅडल स्विचचं मशीन बाजारात आहे, पण ते थोडं महाग पडतं आणि मागणारा नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही.

फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये याचाच दुसरा अवतार बघायला मिळतो. मार्बल कटर उलटा करून प्लायच्या फळीखाली ठोकायचा, फळीला चीर पाडून पातं वर काढायचं, बटणावर चिकटपट्टी गुंडाळायची. झालं टेबल सॉ तयार. सुतारांची कल्पकता वाखाणण्यासारखीच, पण या टेबलावर पात्यावर झाकण नाही आणि कापलेली फट मिटू नये म्हणून पात्यामागे उभी राहणारी पट्टीही नाही. मशीन बंद करायचं तर वाकून प्लग उपसायचा. शेवटचा इंचभर तुकडा पुढे ढकलताना अंगठा पात्याच्या रेषेत येतो. पुढे ढकलायला लाकडाची एक काठी वापरली तर अंगठा वाचतो. ती काठी प्लायच्या तुकड्यातून फुकट निघते.

अंगठ्याची किंमत कायद्याने लिहून ठेवली आहे. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरलेलं होतं, तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. हे टक्के हातात पडायला मालक कोण ते आधी सिद्ध व्हावं लागतं. ठेकेदार म्हणतो तो माझा माणूस नाही, मालक म्हणतो मी ठेकेदाराला काम दिलं. कारखान्याच्या तपासणीचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी किमान दहा कामगारांची अट होती. २०२० च्या कामगार संहितेने ती वीसवर नेली. तीन माणसांचं वेल्डिंगचं दुकान आणि दोन सुतारांचा फ्लॅट तेव्हाही या व्याख्येबाहेर होता, आता तर आणखीच लांब गेला.

कायद्याला हे जमतच नाही असं मात्र नाही. मळणीयंत्रात शेतमजुरांचे हात जात होते तेव्हाही 'लक्ष नव्हतं' असंच म्हटलं जायचं. पण पेंढी आत सारण्याचं तोंडच असं होतं की हात सहज आत जावा. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला तो या मळणीयंत्रांसाठीच. त्यात बनवणारा, विकणारा आणि वापरायला लावणारा अशा सगळ्यांवर जबाबदारी टाकली आणि भरपाईची तरतूद केली. अंमलबजावणीबद्दल बोलायला जागा आहे, पण दिशा बरोबर होती. हात पोचणारच नाही असं तोंड बनवा, मग मजुराला उपदेश करा. ग्राइंडरच्या बाबतीत आपण अजून उपदेशावरच आहोत. सुटताच बंद होणारं बटण आणि पान्याशिवाय फिरणारा गार्ड सक्तीचा केला तर स्वस्त मशीन शेदोनशे रुपयांनी महागेल, त्याने कुणाचा धंदा बसणार नाही.

तोवर कारागिराच्या स्वतःच्या हातात जे आहे, त्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. देखभाल म्हणजे मशीन बंद पडल्यावर दुरुस्तीला टाकणं, ही समजूत सोडायला हवी. आठवड्यातून एकदा मशीनच्या जाळीतून हवा मारा. आत साचणारी लोखंडाची बुकी वीज वाहून नेते आणि वाइंडिंग जाळते. मागच्या झाकणातून ठिणग्या जास्त दिसू लागल्या, मशीन अडखळत सुरू होऊ लागलं, की कार्बन ब्रश बघा. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला. वायर मशीनमध्ये शिरते तिथे रबर चिरलेलं असतं. तिथे पट्टी गुंडाळून भागत नाही, तेवढा तुकडा कापून नव्याने जोडून घ्या. चकती बदलण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नवी चकती लावली की मशीन अंगापासून बाजूला धरून मिनिटभर मोकळं फिरवा. चकतीत दोष असेल तर ती बहुधा तेव्हाच फुटते.

चकतीला वय असतं हे तर अनेकांच्या गावीही नसतं. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, साधारणपणे बनल्यापासून तीन वर्षांचं. रेझिन दमट हवेत कमजोर होतं. कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली चकती बाहेरून धडधाकट दिसते आणि फिरताना दगा देते. तिला कोरड्या डब्यात, आडवं ठेवा. पातळ कटिंग व्हीलची बाजू लावून घासू नका. त्यासाठी जाड, मध्ये खोलगट डीसी व्हील आहे.

डोळ्याचं वेगळं सांगायला हवं. लोखंडाचा कण डोळ्यात गेला की शेजारचा मित्र रुमालाच्या टोकाने किंवा काडीने तो काढतो आणि काम पुढे चालू होतं. कण निघाला तरी बुबुळावर गंजाची कडी राहते, जखम चिघळते, फूल पडतं. ते काम डोळ्यांच्या डॉक्टरचं. शंभर-दीडशे रुपयांच्या बंद कडांच्या चष्म्याने पुढचं सगळं टळतं.

विजेचं थोडक्यात. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला दोन पिनांचा प्लग चालतो. पण ओल्या फरशीवर, पाण्याची बाटली लावलेल्या कटरसमोर या खुणेवर विसंबू नका. प्लग तुटला म्हणून उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचणं हे तर मरणाला आमंत्रणच. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, घरात असेल तर त्याच बोर्डवरून वीज द्या. नसेल तर कामाला सुरुवात करण्याआधी बसवून घ्या. ती तुमच्याही मुलाबाळांच्या कामी येईल.

म्हणजे शेवटी मुद्दा तुमच्या-माझ्यापाशी येऊन थांबतो. ग्रिल, ओटा, कपाट यांचं काम देताना आपण डिझाइन बघतो, रंग बघतो आणि दरात घासाघीस करतो. त्याच बैठकीत तीन अटी घाला. मशीनला गार्ड आणि हँडल असल्याशिवाय प्लग लागणार नाही. लाकडाला ग्राइंडर लागणार नाही. ग्रॅनाइट कोरडं कापलं जाणार नाही, कारण त्याची धूळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात जन्मभर राहते. ठेकेदार म्हणेल, "शेठ, मग दोन दिवस जास्त लागतील." त्या दोन दिवसांची मजुरी लेखी हिशेबात स्वतंत्र ओळ म्हणून मांडा आणि त्या ओळीवर घासाघीस करू नका.