खेळाचा पैसा आणि पैशाचा खेळ

स्मरणिकेत गौरवाचे लेख असावेत, हा शिरस्ता आम्हांला मान्य आहे. तरीही यंदा एका अप्रिय विषयावर लिहिणे भाग आहे. आपल्याच शाळेत शिकलेली काही मुले सांगली परिसरात एक छोटा फुटबॉल संघ चालवितात. बूट, जर्सी, प्रवासभाडे यांसाठी वर्गणी जमते. ती एका विश्वासू मुलाकडे असे. गेल्या हंगामात स्पर्धेची प्रवेश फी भरावयाची वेळ आली, तेव्हा 38 हजारांपैकी काहीही शिल्लक नव्हते. सारे पैसे मोबाईलवरील क्रिकेटच्या सट्ट्यात गेले होते, आणि ते भरून काढण्यासाठी कर्ज देणाऱ्या ॲपवरून घेतलेली उचल वेगळीच. संघ त्या हंगामात खेळला नाही. मुलगा पुण्याला निघून गेला. त्याची आई शाळेत आली आणि एवढेच म्हणाली, "सर, तुमास्नी कायबी ठाऊक नव्हतं?"

आम्हांला ठाऊक नव्हते.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, लोकांनी वर्गणी दिली, आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून कर्ज फेडले, हे मात्र घाईत राहून जाते. पदक शिकवितो, गहाणखत शिकवीत नाही. ते कर्ज चारचौघांत काढलेले होते आणि चारचौघांतच फिटले. आजचा सट्टा अंथरुणात, पांघरुणाखाली चालतो. मटक्याची चिठ्ठी घेणारा निदान पानपट्टीवर दिसत तरी असे!

दोष एकट्या मुलाचा मानणे सोयीचे आहे. परंतु लहान संघ कायम पैशाच्या ओढगस्तीत असतात, आणि जेथे ओढगस्त तेथे सट्टेबाजाचा हात लवकर पोहोचतो. 2024 साली मिझोराम फुटबॉल संघटनेने सामन्यांच्या निकालात फेरफार केल्याबद्दल 3 क्लब आणि 24 खेळाडूंवर बंदी घातली. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या राज्यात हे घडले. आपल्या मैदानांवर ते घडणारच नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

संविधान सभेत 1949 साली, पैज व जुगार ही नोंद सूचीतूनच वगळावी, अशी मागणी काही सदस्यांनी केली होती. हेतू चांगला होता. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, नोंद वगळल्याने जुगार नाहीसा होणार नाही, त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार तेवढा नाहीसा होईल. ती नोंद आज राज्यसूचीत 34 व्या क्रमांकावर आहे. आपल्या घरांत नेमके उलटे चालते : विषय काढायचा नाही, म्हणजे तो नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्य की नशीब हा जुना वादही बाजूस सारला. असा खेळ चालविणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यास मात्र या कायद्याने गुन्हेगार ठरविलेले नाही. काही दिवसांतच भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचे नाव उतरले. जत्रेत घेतलेल्या पोरांच्या जर्सीवर ते अजून आहे, आणि चोरवाटेचे परदेशी ॲप तर आहेतच. म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की, मुलाने कर्ज कबूल केले तर आधी हात उगारू नका, आकडा विचारा.

सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दोष सांगितले आहेत. जुगाऱ्याच्या शब्दावर सभेत कोणी विश्वास ठेवीत नाही, हा त्यांपैकी एक. तो विश्वास परत मिळविण्याची वाट आपण मोकळी ठेवली पाहिजे, असे आमचे मत आहे. संघाचा हिशेब आता दोन सह्यांनी चालतो आणि दर महिन्याला मैदानावर वाचून दाखविला जातो. गेल्या महिन्यात पुण्याहून 500 रुपये आले. नव्या खजिनदाराने त्याची रीतसर पावती फाडली.