गायरानावर सौर प्लेटा आल्या, तर रातव्यानं अंडी कुठं घालायची?

दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची जुनी मागणी. रात्री मोटार चालू करायला जाताना साप-विंचवाची धास्ती काय असते, हे पाणी धरणाऱ्यालाच कळतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मुळे ही मागणी मार्गी लागतेय. प्रश्न फक्त जागेचा आहे. उपकेंद्राजवळची सरकारी जमीन आधी पाहिली जाते, आणि त्यात गायरानं, माळ येतात.

कागदावर हा माळ ‘पडीक’. प्रत्यक्षात तिथं रातवा राहतो.

भारतीय रातवा जेमतेम २४ सेंटीमीटरचा, वाळल्या पाल्याच्या रंगाचा. दिवसा जमिनीवर बसला तर दोन पावलांवर जाऊनही दिसत नाही. अंधार पडला की चक-चक-चक सुरू होतं. गोटी फरशीवर पडून उड्या मारत थांबावी तसा आवाज. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्या-पाचोळ्यात बहुधा दोन अंडी घालतो. विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर.

अडचण इथंच आहे. माळ सपाट करायचं काम जास्त करून उन्हाळ्यात निघतं. जेसीबीवाल्याला अंडी दिसणार कशी? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पक्ष्याला आणि त्याच्या अंड्यांनाही संरक्षण देतो, पण गायरानाची नोंद बघताना ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

रातव्याचा शेतीशीही संबंध आहे. त्याचं खाणं म्हणजे रात्री उडणारे भुंगे, पतंग. घाटेअळी, बोंडअळीचे पतंगही रात्रीच उडतात. एकट्या रातव्यानं अळी आटोक्यात येईल असं नाही, पण फुकटचा राखणदार घालवायचा कशाला?

म्हणून वीज नको असं कुणी म्हणणार नाही. मात्र जागा ठरवताना आधी मुरूम काढून उजाड झालेली, खाणपट्ट्याची जमीन बघता येईल. गवताचा माळ घ्यावाच लागला तर सपाटीकरण ऑक्टोबर ते जानेवारीत उरकता येईल, कडेचा पट्टा मोकळा ठेवता येईल. यानं शेरडा-मेंढरांच्या चराईचीही थोडी सोय राहील.

गायरानाचा विषय ग्रामसभेत येतो तेव्हा चर्चा भाड्याची आणि रोजगाराची होते. त्याच बैठकीत त्या माळावर कोण चरतं आणि कोण राहतं, हेही विचारायला हवं. जेसीबी फिरल्यावर विचारून उपयोग नाही.