अर्ध्या गुणाचा वारा

माझा भाचा नववीत आहे. मागल्या महिन्यात त्याने चाचणीचा पेपर मला दाखविला. प्रश्न असा होता : ‘दोन शहरांमधील अंतर ७,२०० कि.मी. आहे. विमानाची चाल ताशी ९०० कि.मी. आहे. जाऊन परत येण्यास किती वेळ लागेल?’ पठ्ठ्याने लिहिले होते, ‘१६ तास, पण वारा असेल तर उत्तर बदलेल.’ गुरुजींनी दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर लाल रेघ मारून अर्धा गुण कापला होता. मला हे मुळीच पटलेले नाही.

जाताना ताशी १०० कि.मी. वेगाचा वारा पाठीमागून आहे असे समजा. मग जाण्यास ७ तास १२ मिनिटे आणि येण्यास ९ तास लागतील. बेरीज १६ तास १२ मिनिटे! जाताना मिळालेला फायदा येताना तंतोतंत फिटत नाही, कारण वाऱ्याविरुद्ध विमान अधिक वेळ उडत असते. आमच्या महाविद्यालयातली मुलेदेखील येथे हमखास चुकतात.

आता खरे उदाहरण घ्या. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जाई. ती वाट सुमारे १३,९०० कि.मी.ची. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेण्यात आले. ही वाट १५,३०० कि.मी.ची, म्हणजे १,४०० कि.मी. जास्त, तरी ते सुमारे साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले. भागाकार करून पाहा, सरासरी चाल ताशी १,०५५ कि.मी. येते. अशा विमानाची हवेतील चाल ताशी ९०० कि.मी.च्या आसपास असते. उरलेली देणगी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील जोरदार वाऱ्यांची, म्हणजे जेट प्रवाहांची.

‘पृथ्वी खालून फिरते म्हणून असे होते,’ असे काही जण छातीठोकपणे सांगतात. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. त्यांचे म्हणणे खरे असते तर पश्चिमेकडचा प्रवास झटपट झाला असता. खिडक्या बंद असलेल्या एस.टी.त उडणारी माशी मागच्या काचेवर आपटत नाही, कारण आतली हवाही गाडीबरोबर चाललेली असते. पृथ्वीचे वातावरणही तिच्याबरोबर फिरते.

आणखी एक गंमत. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघून साडेचौदा तास उडालेले विमान तेथे त्याच तारखेला सकाळी ६ वाजता उतरेल. दोन तासांत १५,३०० कि.मी.!

शिक्षकांना माझी विनंती आहे की असे गणित घालताना ‘वारा नाही असे समजा’ एवढे चार शब्द जरूर लिहावेत. ते लिहिले नसतील आणि एखाद्याने वाऱ्याची आठवण करून दिली, तर अर्धा गुण जास्तच द्यावा. आणि वर्गात पृथ्वीगोल असेल तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून बघावा. तो अटलांटिकवरूनही जात नाही, पॅसिफिकवरूनही नाही. उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो, आणि अंतर भरते अवघे १२,४०० कि.मी.!