मुकादमाच्या जागी उभा राहिलेला पाद्री

दुष्काळी कामांच्या इतिहासात किती मैल रस्ता झाला, किती तलाव खोदले गेले आणि हजेरीपटावर किती मजूर होते, याची नोंद सापडते. परंतु सरकार आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम म्हणून कोण उभा होता, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. जॉन एव्हरेट क्लफ या अमेरिकन बॅप्टिस्ट पाद्र्याचे चरित्र सोलापूरकर वाचकाने पाहावे ते या प्रश्नासाठी.

बॅप्टिस्ट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील असा पंथ आहे, की जो अर्भकांना बाप्तिस्मा देत नाही, तर जाणत्या वयात स्वतः श्रद्धा कबूल करणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून दीक्षा देतो. सोलापूर आणि अहमदनगर भागात शाळा व दवाखाने चालवणारे अमेरिकन मराठी मिशन या पंथाचे नव्हते. बॅप्टिस्टांचे मोठे कार्यक्षेत्र तेलुगू मुलखात होते. सोलापूरच्या पूर्वभागातील पद्मशाली विणकरांची मुळे मुख्यतः तेलंगणात आहेत, तर क्लफचे कार्यकेंद्र ओंगोल किनारी आंध्रातले. तरीही त्याच्या कहाणीतली तेलुगू भाषा सोलापूरला परकी नाही.

1836 साली जन्मलेल्या क्लफने तरुणपणी मिनेसोटाच्या रानात जमीनमोजणीच्या पथकांबरोबर काम केले होते आणि हेच कसब पुढे त्याच्या धर्मशिक्षणाइतके उपयोगी पडले. 1866 मध्ये तो ओंगोलला स्थायिक झाला. येर्रगुंटला पेरय्या या मादिग जातीतील माणसामुळे खेड्यांची दारे त्याला उघडली. मादिग म्हणजे कातडी कमावणारा, चपला शिवणारा आणि गावकुसाबाहेर राहणारा समाज. त्यांना ख्रिस्ती मंडळीत घेतल्यावर उत्सुकता दाखवणारे वरच्या जातींचे लोक दूर झाले, पण क्लफने मादिगांना परत पाठवले नाही.

1876 ते 1878 च्या महादुष्काळात मद्रास इलाख्याबरोबर मुंबई इलाख्याचा दख्खन भागही होरपळला आणि त्यात सोलापूर जिल्हा अग्रभागी होता. याच जिल्ह्यातील आष्टीचा तलाव या काळातील दुष्काळी कामाचीच निर्मिती आहे. भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम धान्याच्या हिशोबावर आणली गेली, तेव्हा दख्खनमधील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसाने काम नाकारावे, एवढी ती मजुरी हलकी होती.

ओंगोलकडे अडचण आणखी वेगळी होती. सरकारी कामावर गेलेल्या मादिगाला मुकादमाचा जाच आणि जातीचा विटाळ, दोन्ही सोसावे लागत. क्लफने यावर निवेदन लिहिले नाही. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैलांच्या खोदाईचे कंत्राटच त्याने घेतले. मोजणीचे ज्ञान असल्याने हिशोबात त्याला फसवणे सोपे नव्हते. मुकादम म्हणून त्याने आपले देशी प्रचारक नेमले, राहण्यासाठी झोपड्या उभारल्या आणि मजुरांच्या हाती मजुरी पडेल अशी व्यवस्था केली. धर्मोपदेशकाने ठेकेदार होणे अनेकांना रुचणार नाही, परंतु त्या परिस्थितीत याहून थेट लोकसेवा कोणती होती, हे सांगणे कठीण आहे.

याच काळात त्याने दुसरा निर्णय घेतला, तो अधिक मोलाचा आहे. दीक्षा मागणारे शेकडो असूनही त्याने जवळजवळ पंधरा महिने कोणालाही बाप्तिस्मा दिला नाही, कारण भाकरीसाठी धर्म बदलला असे कोणाला म्हणता येऊ नये. त्यानंतर 3 जुलै 1878 रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात 2,222 जणांना दीक्षा देण्यात आली. मिशनरी साहित्य हा आकडा मोठ्या अभिमानाने मिरवते; येथे मात्र थोडे थांबावे लागते. कालव्याच्या काठी विसाव्याच्या वेळी उपदेश करणारे आणि कामाची हजेरी घेणारे एकच होते, त्यामुळे पंधरा महिन्यांच्या खंडाने संशय कमी होतो, पूर्ण फिटत नाही. शिवाय मादिगांनी शोधला तो नवा देव किती आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक किती, याची वाटणी करता येत नाही आणि करण्याचे कारणही नाही.

दुष्काळी कामांचा हा धागा पुढे नेला, तर महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना विस्तारली, तिचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. उपकाराच्या जागी हक्क आला, ही क्लफच्या काळापेक्षा फार मोठी झेप आहे. तरीही खोदलेल्या मातीचे माप कोण घेतो आणि हजेरीपट कोणाच्या हातात राहतो, यावरच मजुराचे पोट अवलंबून असते. म्हणून सोलापूर जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामसभेने कामाचा हजेरीपट आणि मापाचे आकडे मजुरांसमोर मोठ्याने वाचून घ्यावेत.