उघड्यावरचा खर्ज

कोजागिरीच्या रात्री मी माझ्या मुलीशी खोटे बोललो. खोटे अगदी लहान होते, दोनच शब्दांचे. पण ते निस्तरायला मला पंधरा दिवस लागले, तपकीर गल्लीत दोन खेपा घालाव्या लागल्या, दिवाणखान्याच्या नव्या पडद्यांवर पाणी सोडावे लागले आणि मराठीच्या प्राध्यापकाला एरवी कधीच लागणार नाही इतके पदार्थविज्ञान शिकावे लागले. ही हकीकत गेल्या वर्षीची. यंदाही कुणाच्या घरी असा प्रसंग येईल, तर त्याच्या दोन खेपा वाचाव्यात म्हणून सांगतो.

आमची कन्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ती अकॉस्टिक बास वाजवते. हे वाद्य दिसते गिटारसारखेच. फक्त ती गिटार चांगली खातीपिती झाल्यासारखी वाटते. तारा चारच, पण चांगल्या जाड. माझ्या आईने ते प्रथम पाहिले तेव्हा "दोन तारा कमी आहेत, दुकानदाराने पोरीला फसवले," असे जाहीर करून टाकले होते. या वाद्यावर गाणे वाजत नाही. गाणे ज्यावर उभे राहते ते वाजते. तंबोऱ्यात खर्जाची तार जे करते, तबल्याच्या जोडीत डग्गा जे करतो, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापून आपले वादक जो गंभीर नाद काढतात, त्याच घराण्यातले हे काम. असले तर कुणाच्या लक्षात येत नाही, नसले तर काहीतरी चुकते आहे एवढेच कळते. घरातल्या गृहिणीच्या कामासारखे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे, आणि त्यावर मी वाद घालीत नाही.

तर कोजागिरी. आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळे मैदान आहे. तिथे विजेची जोडणी नाही, आणि जनित्र आणावे तर त्याच्या घरघरीपुढे गाणे ऐकू येत नाही. म्हणून सारा कार्यक्रम बॅटरीवर. गायिकेपुढे एक छोटा कर्णा, बाजूला पेटी, तबला आणि कडेला आमची कन्या. तिच्यापाशी घरी सराव करायचा एक चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर होता, पोळ्यांच्या डब्याएवढा. साठ-सत्तर माणसे बसली होती. मी चौथ्या रांगेत केशरी दुधाचा पेला घेऊन बसलो होतो. तासभर मी मुलीची बोटे हलताना पाहिली. ऐकू मात्र एक स्वरही आला नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती धावत आली. "बाबा, ऐकू आलं?"

मी म्हणालो, "छान झालं."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता वाद्य खोळीत घातले. पुढे चार दिवस ती खोळ कपाटामागे तशीच उभी होती. पाचव्या दिवशी सौभाग्यवती चकलीची भाजणी चाळता चाळता म्हणाल्या, "अहो, पाडव्याच्या पहाटेच्या कार्यक्रमातून तिने नाव काढून घेतलंय. तुम्हाला कळलं का?"

मला कळले नव्हते. पण कशामुळे काढले, ते कळले.

दुसऱ्याच दिवशी मी तिला जवळजवळ ओढतच बुधवार पेठेत नेले. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने आमची अडचण पुरती ऐकूनही घेतली नाही. त्याने चाकांवरचा एक उंच डबा पुढे ढकलला. त्यावर लाल-निळे दिवे फिरत होते. "साहेब, पाच हजार वॅट! बॅटरी आतच आहे. अख्खं लग्न उठवील."

मी मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या न्हाणीघरातला गीझर दोन हजार वॅटचा. तो लागला की मीटर पळत सुटतो. हा डबा अडीच गीझर पोटात घालून दिवे मिचकावीत उभा होता, आणि तेही जेवणाच्या डब्याएवढ्या बॅटरीवर. मुलीने डब्यामागचा बारीक मजकूर वाचून दाखवला. पाच हजारांपुढे 'पीएमपीओ' अशी चार अक्षरे होती. त्या अक्षरांचा अर्थ असा, की एखाद्या क्षणाच्या अंशभर, सर्व ग्रह अनुकूल असताना, कागदावर निघू शकणारी शक्ती. खरी, सतत टिकणारी शक्ती 'आरएमएस' या अक्षरांपुढे लिहिलेली असते, आणि ती त्या डब्यावर कुठेच लिहिलेली नव्हती. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

मग आम्ही तिच्या सरांकडे गेलो. सर मूळचे गोव्याचे, साष्टीकडचे. लहानपणी चर्चच्या शाळेत ते पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले आणि पुढे उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत डबल बास वाजवला. आता ते पुण्यात लष्कर भागात राहतात. त्यांनी माझ्याकडे वळून पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही कुठं बसला होता? काय ऐकलं?"

मुलगी शेजारी बसली होती. विद्यार्थ्यांना कॉपी करताना मी पुष्कळदा पकडले आहे. पकडले गेल्यावर कसे वाटते ते त्या दिवशी समजले. मी म्हणालो, "चौथ्या रांगेत. काहीच ऐकू आलं नाही."

"मला माहीत होतं," मुलगी खाली पाहत म्हणाली.

सर मोठ्याने हसले. "बाय, यात तुझी चूक नाही, बाबांचीही नाही. चूक भिंतीची."

"पण तिथे भिंत नव्हतीच!" मी म्हणालो.

"तीच चूक."

त्यानंतर तासभर त्यांनी आम्हाला जे समजावले, ते माझ्या शब्दांत सांगतो. खोलीत वाजवलेला स्वर भिंतींवर, छतावर आपटून पुन्हा आपल्याकडे येतो. मैदानात तो गेला तो गेलाच. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. त्यातून बासचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. हवेतली त्याची एक लाट २७ फूट लांब भरते. एवढी लाट हलवायची म्हणजे पुष्कळ हवा ढकलावी लागते. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. पोळ्यांच्या डब्यातला चार इंची पडदा बिचारा किती हलणार?

आणि एवढे करून आपला कान पक्षपाती! फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये हा पक्षपात मोजून मांडला. आवाज हळू असला की मधल्या पट्टीतले स्वर कानाला नीट ऐकू येतात. खर्ज मात्र आधी बुडतो. म्हणूनच कोजागिरीला गायिका ऐकू आली, पेटी ऐकू आली, आणि कन्या तेवढी दुधाच्या वाफेबरोबर विरून गेली.

"आमच्या धंद्याचं हे जुनं दुखणं," सर म्हणाले. डबल बास माणसापेक्षा उंच असतो, तरी वाद्यवृंदात त्याचा आवाज दबतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत एव्हरेट हल नावाच्या बासवादकाने वैतागून डबल बासच्या तळच्या खुंटीतच मायक्रोफोन बसवला. खुंटीला इंग्रजीत 'पेग' म्हणतात. 'अ‍ॅम्प्लिफाइड पेग' वरून त्याच्या कंपनीचे नाव 'अ‍ॅम्पेग' झाले. (पेगचा दुसरा अर्थ मनात आणणाऱ्या वाचकांनी दिवाळीचे दिवस आहेत एवढे ध्यानात घ्यावे.) लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये पोकळ पोटाऐवजी भरीव लाकडाचा विजेचा बास बाजारात आणला. १९७२ मध्ये अर्नी बॉल यांच्या 'अर्थवुड' या वाद्याने पुन्हा पोकळ पोटाचा, गिटारच्या घाटाचा बास पुढे आणला. आवाज गोड, पण पोट डबल बासच्या मानाने फारच लहान. तेव्हा उघड्यावर त्याला आधार हवाच.

तो आधार कसा निवडायचा, हे सरांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिले. ते पाकीट मी जपून ठेवले आहे.

पहिले कलम वॅटचे. वॅट खरे मोजावेत, आणि ते दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही हे लक्षात ठेवावे. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट लागते. चारपाच मित्रांच्या घोळक्यात पाच वॅटही पुरतात. साठ-सत्तर श्रोत्यांसाठी, तबला-पेटीच्या जोडीने वाजवायचे तर खरे पन्नास वॅट तरी हवेत.

दुसरे कलम पडद्याचे. वॅटच्या आधी स्पीकर किती इंची आहे ते पाहावे. आठ इंची दोन किंवा दहा इंची एक, त्याखाली उतरू नये. रोलँड कंपनीच्या दोन नमुन्यांवरून हा फरक ध्यानात येतो. 'मायक्रो क्यूब बास आरएक्स' सहा पेन्सिल सेलांवर चालतो. त्यात चार इंची चार स्पीकर आणि शक्ती पाच वॅट. 'क्यूब स्ट्रीट ईएक्स' आठ पेन्सिल सेलांवर चालतो. त्यात आठ इंची दोन स्पीकर आणि शक्ती पन्नास वॅट. पहिला खोलीतला सोबती, दुसरा चौकातला.

तिसरे कलम बॅटरीचे. जाहिरातीत जे तास लिहिलेले असतात ते बेताच्या आवाजातले. खर्ज मोठ्याने वाजवणाऱ्याने त्याच्या निम्मेच धरावेत आणि सेलांचा दुसरा संच खिशात ठेवावा. बाहेरची शिशाची बॅटरी जोडायची असेल तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तास म्हणजे ८४ वॅट-तास. पण वजन दोन किलोंच्या वर, आणि ते उचलणार कोण ते घरात आधी ठरवावे.

चौथे कलम जोडणीचे. अकॉस्टिक बासच्या घोडीखाली पिझो नावाचा पिक-अप असतो. तो नाजूक प्रकृतीचा. भलत्याच भोकात त्याची तार खुपसली तर खर्ज गळून नुसती टणटण उरते. वाद्यातच प्री-अ‍ॅम्प्लिफायर असेल तर चिंता नाही; नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरला पिझोसाठी वेगळी जागा आहे ना, हे विचारून घ्यावे.

शेवटचे कलम सरांनी अधोरेखित केले होते: "दुकानात ऐकून विकत घेऊ नये." दुकानाच्या कोपऱ्यात कोणताही डबा घुमतो, कारण तिथे भिंती त्याच्या मदतीला असतात. डबा रस्त्यावर किंवा गच्चीवर न्यावा, वाजवणाऱ्याने सर्वांत खालची तार छेडावी आणि ऐकणाऱ्याने तीस पावले मागे जाऊन पाठ फिरवावी. डोळ्यांना बोटे दिसली की कानाला ऐकू आल्याचा भास होतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराला त्याच्याच गच्चीवर चढवले. भला माणूस होता, चढला. मी तीस पावले गेलो, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभा राहिलो आणि तीन डबे ऐकले. पहिल्याची नुसती फडफड आली. दुसऱ्याचा स्वर ओळखू आला, पण पाया जाणवला नाही. तिसऱ्या डब्याची तार छेडली आणि माझ्या चपलांखालची फरशी किंचित बोलली. दोन आठ इंची स्पीकर, पन्नास वॅट. किंमत ऐकून फरशी पुन्हा एकदा हलली. पडदे पुढच्या दिवाळीवर गेले.

पाडव्याच्या पहाटे आम्ही साडेपाचलाच मैदानावर होतो, पण वाजवायला सुरुवात बरोबर सहाला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. परवानगीचा कागद सेक्रेटरींच्या खिशात होता. सरांच्या सांगण्यावरून अ‍ॅम्प्लिफायर खुर्चीवर न ठेवता जमिनीवर, कुंपणाच्या पक्क्या भिंतीला पाठ लावून ठेवला. मागे पळणारा खर्ज भिंत पुढे ढकलते, आणि तेही फुकट. वाद्याच्या पोटात घुमून शीळ उठू नये म्हणून मधल्या गोल भोकाला रबरी झाकण बसवले आणि कन्या स्पीकरच्या समोर न बसता बाजूला बसली. बासची कळ पूर्ण फिरवण्याचा मोह तिने आवरला. ती कळ बॅटरी खाते आणि स्वर धूसर करते.

झुंजूमुंजू झाले होते. गायिकेने भूप सुरू केला. मी चौथ्या रांगेत बसलो नाही. तीस पावले मागे, आवळ्याच्या झाडाखाली जाऊन पाठ फिरवून उभा राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटले असेल, प्राध्यापक घरात भांडून आलेले दिसतात.

शेजारच्या आजी जवळून जाताना म्हणाल्या, "यंदा गाणं भरल्यासारखं वाटतंय, नाही?" कशाने भरले ते त्यांना ठाऊक नव्हते. मला होते. पण कार्यक्रम संपेपर्यंत मी मागे वळलो नाही.

फराळाच्या टेबलाशी ती आली. हातात खोळ होती. प्रश्न तोच. "बाबा, ऐकू आलं?"

मी लाडू खाली ठेवला. "दुसऱ्या गाण्यात, अंतरा संपताना, तू खालच्या तारेवर जरा लवकर उतरलीस. तबला मागून आला."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा असा काही फुलला, की शाबासकी मिळाल्यावरही मी तो तसा फुललेला पाहिला नव्हता.

"आई," ती ओरडली, "बाबांनी चूक पकडली!"