लिलावातली स्वस्ताई

लिलावात वस्तू स्वस्त मिळतात, असा समज आपल्या घराघरांत रूढ आहे. गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी बडोद्यात कोठे जुन्या सामानाचा लिलाव असल्यास तेथे जाऊन उभे राहण्याची खोड मला जडली आहे, तेव्हा या समजाविषयी अनुभवाने दोन शब्द लिहिण्यास हरकत नसावी. माझे मत असे की, लिलावास अवश्य जावे, मुलांनाही बरोबर न्यावे; मात्र ही स्वस्ताई कोठून येते आणि ती कोणाच्या पदरची असते, याचा विचार घरून निघतानाच केलेला असावा.

शब्दाविषयी थोडेसे. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. माझे गुजराती शेजारी त्यालाच ‘हराजी’ म्हणतात आणि नागपूरकडचे मराठी लोक ‘हर्रास’ म्हणतात. या दोहोंचे मूळ अरबी. घरातील चीजवस्तू अंगणात मांडून पुकारा करीत विकण्याच्या या प्रकाराला आपल्या तोंडी बसलेली सारी नावे बाहेरून यावीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता प्रत्यक्ष रीत. सामान बहुधा सकाळीच मांडून ठेवतात व बोली दुपारी सुरू होते. हौशी मंडळी दुपारी येतात आणि जाणते सकाळी येतात. निम्मा लिलाव तेथेच जिंकला जातो. खुर्ची उलटी करून तिच्या पायांना वाळवी लागली आहे काय ते पाहावे, भांड्याचे बूड वाजवून पाहावे, शिवणयंत्राचे चाक हाताने फिरवावे, पुस्तकांची पाने कसरीने खाल्ली आहेत काय ते चाळून घ्यावे. मग त्या वस्तूस आपण जास्तीत जास्त काय द्यावयाचे, तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. हल्ली रेल्वेची व सरकारी खात्यांची मोड संगणकावरून लिलावात निघते आणि किरकोळ वस्तूंची बोली मोबाइलवरही लावता येते. पण तेथे छायाचित्रावर भिस्त ठेवावी लागते आणि छायाचित्रात वाळवी दिसत नाही.

हा कागदाचा उपदेश मला फुकट मिळालेला नाही. एका भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासाठी मी कागदावर १,५०० रुपये लिहिले होते. माझ्यासमोर एक काळी टोपी घातलेले गृहस्थ उभे होते. ते शंभर चढवीत, मी शंभर चढवी. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या की मला आनंद होई. ‘तीन वार’ झाले तेव्हा घड्याळ २,६०० रुपयांना माझे झाले होते आणि ते गृहस्थ हसत हसत दुसऱ्या ढिगाकडे वळले होते. दुरुस्तीस आणखी ९०० रुपये लागले. घड्याळ आजही दिवसाला सात मिनिटे मागे पडते.

या वेडाचा अभ्यास विद्वानांनीही केला आहे. समुद्रातील तेलाच्या क्षेत्रांसाठी मोठमोठ्या कंपन्या बोली लावीत आणि जिंकूनही तोट्यात जात, हे अमेरिकेतील तीन अभियंत्यांनी १९७१ साली दाखवून दिले. कारण साधे आहे. वस्तूची खरी किंमत कोणासच नक्की ठाऊक नसते, प्रत्येक जण अंदाज करतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच जिंकतो. यास त्या शास्त्रात ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. म्हणून जेथे गर्दी व चुरस तेथे स्वस्ताई नाही. ती असते कोणी ढुंकून पाहत नाही अशा कोपऱ्यात. त्याच दिवशी दोरीने बांधलेला एक गठ्ठा मला १२० रुपयांत मिळाला. दुसरी बोलीच आली नाही. आत श्रीसयाजी साहित्यमालेची चार पुस्तके होती.

कायदाही थोडा माहीत असावा. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणे हातोडा पडेपर्यंत आपली बोली मागे घेता येते. तसेच, आपल्या वतीने बोली लावण्याचा हक्क विकणाऱ्याने आधी जाहीर केला नसेल, तर गर्दीत आपला माणूस उभा करून भाव चढवणे बेकायदा ठरते. घेणाऱ्यास तो व्यवहार फसवणुकीचा मानता येतो. व्यापाऱ्यांचे संगनमत मात्र ओळखणे कठीण. चौघे गप्प राहतात, एक जण घेतो आणि वाटणी मागाहून होते.

परंतु दुसऱ्याच एका प्रसंगाने मला अधिक विचारात पाडले. एका जुन्या वाड्यातील भावंडांचे वाटणीवरून जुळेना, म्हणून सारे घरसामान लिलावात काढून पैसे वाटून घ्यावयाचे ठरले. तांब्याचे एक मोठे घंगाळ होते. मोडवाले ३,००० वर थांबले. एका बाईंनी ३,१०० म्हटले. मी २०० चढवले, त्यांनीही चढवले. अखेर त्या ४,००० वर थांबल्या आणि ४,१०० ला घंगाळ माझे झाले. उचलताना काठावर ठिपक्यांनी कोरलेले नाव दिसले. त्या बाईंच्या आईचे ते नाव, आणि घंगाळ त्या माउलीच्या माहेरचे. “ताई, माझ्या बोलीतच हे घ्या,” असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “तेवढे जवळ असते तर थांबले कशाला असते?” त्यांचाही हिस्सा होता, पण तो मागाहून मिळणार, आणि बोलीचे पैसे जागच्या जागी मोजावयाचे. मी नसतो तर घंगाळ त्यांना ज्या भावात पडते, त्या ३,१०० रुपयांत मी ते दिले. यात औदार्य कसले? वरचे हजार माझ्याच हौसेने चढले होते.

मराठी माणसाला तरी हे दुःख नवे नसावे. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली निपुत्रिक वारले, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. राजवाड्यातील हत्ती-घोडे सीताबर्डीवर पुकारले गेले व जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले. राण्या वाड्यातच होत्या. त्या दिवशी ज्यांनी स्वस्तात बैल घेतले, त्यांच्या घरी त्या रात्री आनंदच झाला असेल.

यावरून लिलावच नकोत, असे माझे म्हणणे नाही. अडगळीत गंजणारी वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडते आणि भांडणाऱ्या भावंडांना उघड्यावर ठरलेला भाव मान्य करावा लागतो, हा मोठाच लाभ आहे. पण घरगुती लिलावाची यादी निदान आदल्या दिवशी दारावर लावावी, आणि ज्यांवर नावे कोरलेली आहेत अशा वस्तू ठरावीक किमतीस घेण्याची पहिली संधी घरच्यांना द्यावी. किंमत त्यांच्या हिश्शातून वळती करता येते. आमच्या गल्लीतील एक वाडा येत्या उन्हाळ्यात रिकामा व्हावयाचा आहे. तेथील थोरल्या भावास मी हे सुचवून आलो आहे. त्यांनी अद्याप काही उत्तर दिलेले नाही.