घरकुल कोणाला, हे पाड्याने ठरवायचं



आवणी संपली की १५ ऑगस्टची ग्रामसभा येईल. परत घरकुलाची यादी वाचतील. वाचतील म्हणजे काय, ग्रामसेवक भराभर नावं म्हणणार, सरपंच विचारणार, "मंजूर?" पुढे बसलेले पाच-सहा जण म्हणणार, "मंजूर." आमचा पाडा तिथून दोन तास चालत. आम्ही पोचतो तवर रजिस्टरावर अंगठे झालेले असतात.

आमच्या पाड्यात एक आजी एकटी राहते. कुडाचं घर, वर पेंढा आणि फाटकं प्लास्टिक. मागच्या पावसात एक कूड बसला. तिचं नाव यादीत नाही. का, तर "सर्वेत नाव नाही आणि जागा फॉरेस्टची." त्याच यादीत मोठ्या गावातला एक जण आहे. त्याच्या बापाला आधीच घरकुल मिळालंय, त्यात आता बैल बांधतात.

२०१६ पर्यंत इंदिरा आवासची यादी यायची कुठून? २००२ साली दारिद्र्यरेषेचा सर्वे झाला. १३ प्रश्न, एकेकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुण जितके कमी तितका माणूस गरीब, आणि तितकं त्याचं नाव वर असायचं. जमीन किती, घर कसं, अंगावर कपडे किती, पंखा-रेडिओ आहे का, शिक्षण किती. सर्वेवाले आले तेव्हा निम्मा पाडा वीटभट्टीवर होता. दाराला झाप लावलेलं दिसलं, नाव सुटलं. आमच्या घरात मी दहावी झालेली, म्हणून शिक्षणाचे गुण चढले. पोरगी शिकली म्हणून घर गळायचं थांबलं का?

विचारायला गेलं की म्हणायचे, "वरून ठरतं, आमच्या हातात नाही." खोटं होतं. इंदिरा आवासच्या नियमात लिहिलं होतं की ग्रामसभेची निवड शेवटची, वरच्या कोणाची मंजुरी लागत नाही. यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची, हेही लिहिलं होतं. तुमच्या पंचायतीच्या भिंतीवर ती दिसली का कधी?

आणि ग्रामसभा कोणाची? १९९६ चा पेसा कायदा सांगतो की आपल्या चालीरीतीने कारभार चालवणारी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह म्हणजे गाव, आणि प्रत्येक गावाला आपली ग्रामसभा. गरिबांच्या योजनेत माणसं निवडायचं काम तिचंच. मग सात पाड्यांचा निकाल एका ओट्यावर का लागतो?

राहिली फॉरेस्टची जागा. वनहक्काचा २००६ चा कायदा फक्त कसायच्या जमिनीचा नाही, राहायच्या जागेचाही आहे. पण आपल्याच कितीतरी जणांनी दाव्यात शेताचा प्लॉट लिहिला आणि घराखालची जागा सोडून दिली. ती लिहा. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत तुम्हाला तिथून कोणी हटवू शकत नाही. जमीन आणि घर हे दोन लढे नाहीत, एकच आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. आमच्या पाड्यात बसून यादी करायला घेतली तेव्हा पहिल्या रात्री भांडणं झाली. संघटनेच्याच एका कार्यकर्त्याने आपल्या भावाचं नाव वर घातलं. बायांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्या भावाचं घर कौलारू, मग आजीच्या आधी कसं?" त्याने मान खाली घातली, नाव खाली गेलं. चावडीवर असा प्रश्न विचारायला कोणाची छाती होते?

म्हणून १५ ऑगस्टच्या आधी एक रात्र पाड्यात बसा. बाया, म्हातारे, सगळे. घराघराची नावं वहीत लिहा आणि कोणाला आधी, का, तेही लिहा. ठराव करा, सह्या-अंगठे घ्या. दोन प्रती करा. एक पंचायतीला द्या आणि दुसरीवर पोच घ्या, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ग्रामसभेला सकाळी लवकर निघा. यादी वाचायच्या आधी आपला ठराव वाचायला लावा.

पहिलं नाव आजीचं आहे. तुमच्या पाड्यात पहिलं नाव कोणाचं, ते तुम्हाला माहीत आहे.